बदकांना घालू का?

न्यान आली तेव्हा प्रयोगशाळेत जेवणाची सुट्टी होती.
केळीच्या पानात बांधलेला ओला अझोला
तिने माझ्या डब्याशेजारी ठेवला,
भाजी आणावी तसा.
"थंडीत लाल होतो, ते मला ठाऊक आहे.
पण हा लाल वेगळा."

साठ हिवाळे तिने हा पाण्यावर पेरलाय,
हुंग येनच्या सखल शेतात, भाताच्या आधी.
पाणी उभं करायचं, दोन मुठी भिरकावायच्या,
महिन्याभरात पाणी दिसेनासं होतं.
खताचं पोतं तिच्या सासूने कधी उचललं नाही.

भिंगाखाली
पानाच्या पोटात एक पोकळी,
पोकळीत निळ्या-हिरव्या मण्यांच्या माळा.
चारपाच मण्यांमागे एक फिका, जाड भिंतींचा.
मला येतं तसं सांगितलं तिला:
ही पेशी उन्हाशी व्यवहार तोडते,
दार लावून घेते, कारण प्राणवायू शिरला
तर हातातलं काम नासतं.
तिला पुन्हा लेकरू होत नाही.
आत बसून ती हवा फोडते
आणि शेजारणींना घास पोचवते.
"अशी एक आत्या होती आमच्यात," न्यान म्हणाली.

माळ शाबूत. मणी जागच्या जागी.
पण बाटलीतल्या वायूची रेघ
यंत्राच्या कागदावर आडवी पडलेली,
दुपारच्या कुत्र्यासारखी.
चूल आहे, चुलीपुढे बाई आहे.
आधण ठेवलेलं नाही.

मग तिने पिशवीच्या तळातून
भाताची चार रोपं काढली. पिवळट, बोटभर.
"आणि यांना काय झालं? यांना तर मी
या वर्षी दुकानातलं खत घातलंय."

खत मुळाशी आहेच, आजी.
त्याला अंगी लावणारे जे हात,
त्यांच्या बोटांत गंधक असतं,
आणि शिसं गंधकाला असं बिलगतं
की सोडत नाही.
मग अमोनिया नुसता साचत जातो,
आणि साचलेलं अन्नच आतून पोळतं.
त्यातूनही रोप पदरमोड करतं:
अंग भरायला ठेवलेलं मोडून
बारीक दोर वळतं,
विषाला खुंटीशी बांधून ठेवतं.
हंगामभर पहिला घास चोराला.
उपाशी नाही ते. ताटावर बसलंय
आणि मूठ मिटत नाही.

ती बराच वेळ रोपाची माती चिमटीने काढत राहिली.
"कागदावर वरच्या घराचं नाव लिहिशील?"

वरचं घर मला माहीत होतं.
निळं फाटक, तीन मजले,
अंगणात ट्रकच्या बॅटऱ्यांची फोडलेली काळी खोकी,
मागे भट्टी.
भट्टी तिचा धाकटा, लुक, चालवतो.
तिचा मोतीबिंदू त्या भट्टीने काढला.
तिच्या नातीच्या रक्तातला आकडा
गेल्या वर्षी शेजारच्या टेबलावर निघाला होता,
मी नळीवरचं नाव वाचलं होतं
आणि नळी परत ठेवली होती.

"नमुन्याला क्रमांक असतो," मी म्हटलं. "नाव नसतं."
खरंच आहे ते. म्हणूनच बोलायला सोपं गेलं.

ती उठली. बाहेर पायरीवर गोणी होती,
अख्खं शेत गाळून भरलेली.
"मग हा बदकांना घालू का?"
नको.
"चिखलात तुडवू? दरवर्षीसारखा?"
नको. पाण्यातलं शिसं
यानेच तर पिऊन ठेवलंय.
"जाळू?"
नको, आजी.

तिने माझ्याकडे असं पाहिलं
जसं भाव न सांगणाऱ्या दुकानदाराकडे पाहतात.
गोणीतून पाणी ठिबकत होतं,
एक पायरी, मग दुसरी.
"थांबा," म्हणून मी फॉर्म शोधायला आत गेले.
कपाटात पाण्याचा फॉर्म होता, मातीचा होता,
धान्याचा, दुधाचा, रक्ताचा.

बाहेर आले तेव्हा गोणी होती.