सत्तावन्नावं पान

दिवाळीचे कंदील उतरले
की एस्तेरबाई रणपिसे जिना चढून यायच्या,
नाना पेठेतल्या आमच्या डीटीपीच्या खोलीत.
पिशवीत शाळेची दोनशेपानी वही, वर करंज्यांचा डबा.
"चौसष्ट पानं हं. एक जास्त झालं तर कागद फुकट जातो."

जगातली कुठलीतरी जाडजूड, थोर म्हणवणारी कादंबरी
त्या नाताळच्या पुस्तिकेत बसवायच्या,
सोळा-सोळाच्या चार फर्म्यांत.
परदेशातली गढी खडकीचा बंगला व्हायची,
उमराव दारूगोळा कारखान्यात फोरमन,
आणि बर्फ?
"बर्फ कुठून आणू गं मी पुण्यात?"
मग त्यांनी भवानी पेठेतल्या पिंजाऱ्याचं दुकान
रात्रभर उघडं ठेवलं,
पानभर कापूस उडवला,
आणि त्या कापसातून एक मुलगा घरी चालत आला
जो मूळ पुस्तकात कधीच पोचत नाही.

तिसऱ्या वर्षी लक्षात आलं माझ्या.
बाई माणसं वाचवत होत्या.
क्षयानं जाणारी शिवणकामवाली
त्यांच्याकडे ससूनच्या फाटकातून स्वतःच्या पायांनी बाहेर येई.
द्वंद्वात मरायचा तो तरणाबांड पोरगा
क्वार्टर गेटला कॅरमवर भांडण मिटवी,
आणि हरे.

पाळकसाहेब एकदा म्हणाले, बाई,
मूळ लेखकाचा शेवट खरा आहे. माणूस मरतो.
"त्याला गुड फ्रायडे आहे ना," बाई म्हणाल्या.
"जन्माच्या सणाला मी कुणाला पुरायची नाही."

त्यांच्या घरी कोण कोण होतं, कोण नव्हतं,
मी विचारलं नाही.
प्रुफं तपासणारीनं शब्द तपासावेत.

बारावी वही भाचा घेऊन आला, योनाथान.
दफन मंगळवारी झालं होतं.
डबा नव्हता.

वहीतली बाई मध्यरात्री लकडी पुलावर उभी.
मूळ पुस्तकात ती नदीत जाते.
इथं मुठेला घोटाभर पाणी,
जलपर्णी, वास,
उडी मारली तर पाय मोडतील नुसते.
बाईंनी तेही लिहिलं होतं, काही न लपवता.
तिनं चपला काढून जोडीनं ठेवल्या.
कठड्यावर चढली.
पान सत्तावन्न. खाली शाईचा एक ठिपका.

योनाथान म्हणाला, तुम्हीच संपवा,
मावशीची रीत तुम्हाला ठाऊक आहे.
ठाऊक होतीच.
डेक्कनकडून कॅरलवाल्यांचा टेम्पो आणायचा,
पेट्रोमॅक्सची बत्ती, एक ढोलकी तालाबाहेर,
आणि कुणीतरी हाक मारायची.
तीन रात्री बसले.
टेम्पो पुलावर येईचना.

सात पानं कोरी सोडली.
छापखान्यातून फोन आला,
ताई, फाइल अर्धीच आलीय.
पूर्ण आहे म्हटलं. छाप.

तीनशे प्रती, वीस रुपये,
पंचहौदाच्या देवळाबाहेर, केकच्या टेबलाशेजारी.
काही परत आल्या, पैसे मागत.
एकीत पोरांनी चांदण्या रंगवलेल्या,
एकीत मैदा दोन किलो, वेलदोडे, वर्ख.
आणि एक जानेवारीत,
रात्रपाळीच्या शिरसाटांनी काउंटरवर ठेवली,
काही न बोलता गेले.
अठ्ठावन्नाव्या पानावर बॉलपेननं:

ताई खालि या. चहा ठेवलाय.

पुढची सहा पानं तशीच, कोरी.

'खालि'तली लि ऱ्हस्व होती.
बारा वर्षं लाल पेन चालवते मी या खोलीत.
टोपण काढलं,
परत लावलं.