सतरा नंबर

सांगलीच्या मार्केट यार्डात, मागच्या गेटाजवळच्या काट्यावर
मी चोवीस वर्षं बसते.
भरलेला ट्रक चढतो, आकडा थरथरतो, थांबतो,
मी लिहून घेते.
रिकामा परत येतो, तेव्हा वजा करते.
उरते ती हळद.
यात माझी चूक एकदाच झाली, तीही दहा किलोची.
चौगुले अजून आठवण काढतात.

आणि तरी बीजगणित म्हटलं
की तळहाताला घाम.

सतरा नंबरचा फॉर्म मी अकरा महिने पर्समध्ये फिरवला,
विम्याची पावती आणि अंगाऱ्याची पुडी यांच्या मधोमध.
घडीवर घडी पडून
‘शाळा सोडल्याचे कारण’ ही ओळ नेमकी दुमडीत आली,
पुसट झाली.
बरं वाटलं मला.

आत कुणीतरी रोज बोलायचं:
मालन, आता कुणाला दाखवायचंय?
मालन, पोरगी इंजिनिअरिंगला आणि तू दहावीला?
मालन, तुझ्या डोक्यात ते बसायचंच नाही.

आवाज कुणाचा, हे फार उशिरा ओळखलं.
गणिताच्या बाईंचा वाटायचा.
पण त्या बिचाऱ्या एकदाच म्हणाल्या होत्या,
तेही घाईत, घंटा होता होता.
पुढची अठ्ठावीस वर्षं
मीच त्यांच्या आवाजात बोलत होते.

भरला एकदाचा फॉर्म.
शेजारच्या कोष्ट्यांच्या प्रणीलनं सराव पेपर घेतला.
चाळीसपैकी सहा.
पोरगं लाजलं. म्हणालं,
“काकी, स्टेप्सचे दिलेत.”

त्या रात्री पुस्तकं माळ्यावर गेली,
जुन्या कुकरच्या मागं.

झोप येईना, तसं हरिपूर आठवलं.
आप्पा पेवातून हळद काढायचे.
वर्ष-दोन वर्षं मातीखाली मिटलेलं पेव,
तोंड उघडलं तरी कुणी लगेच उतरायचं नाही.
दोरीला कंदील बांधून खाली सोडायचे.
विझला,
तर आप्पा काठावर बसून तंबाखू मळायचे.
मी विचारायचे, “हळद नाही का आत?”
“हळद हाय की. हवा न्हाई.
जरा जाऊ दे हवा.”
दुपारी पुन्हा कंदील. कधी दुसऱ्या दिवशी.
कंदील विझला म्हणून कुणी पेव बुजवलेलं
मी तरी पाहिलं नाही.

सकाळी स्टूल घेऊन माळ्यावर हात घातला.
कुकरचं झाकण डोक्यावर पडलं, ते एक असो.

मग दोन ट्रकांच्या मधे,
रद्द पावत्यांच्या पाठीवर उदाहरणं.
पुस्तकाच्या कडा पिवळ्या झाल्या,
एकशे बारावं पान तर चहात टाकलं तर रंग सुटेल.
ड्रायव्हर विचारायचे, “ताई, कसला हिशोब?”
मी म्हणायचे, “माझाच.”

प्रणील म्हणाला, “काकी, उत्तर शोधायला धावू नका.
आधी ‘समजा’ लिहा.
समजा, रिकाम्या गाडीचं वजन क्ष.”
“आणि तेवढं नसलं तर?”
“नसू दे. शेवटी ताळा करायचाच असतो.”

हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
मला वाटायचं, खात्री झाल्यावरच पाटीवर लिहायचं.

परीक्षा मिरजेत. बाक लहान, गुडघे आपटतात.
शेजारचा मुलगा उठून उभा राहतो,
“मॅडम, तुम्ही सुपरव्हिजनला?”
“नाही रे. नंबर आहे माझा.”

पेपर येतो.
सगळी अक्षरं एकदम विझतात.
तो ओळखीचा आवाज घसा खाकरतो.
मी काठावर बसते.
जाऊ देते हवा.

बाहेर कुणीतरी रिक्षा चालू करतंय, होत नाहीये.
पुन्हा मारतंय.

पेनाचं टोपण काढते, लिहिते:
समजा,