खाली कोण आहे

राउमात, आमच्या इमारतीच्या तळघरात,
धुण्याच्या मशीनपलीकडे दर गुरुवारी लढाई.
चौकटी आखलेली चटई, करंगळीएवढे शिपाई,
आणि एक गिधाडमुखी राणी, जी उडायची,
म्हणजे उडते असं आम्ही म्हणायचो.
तिच्याखाली फाशांची उतरंड,
एक फासा म्हणजे दहा फूट.
तूक्काचा गुडघा टेबलाला लागला की
साठ फुटांवरून राणी थेट
खारट काळ्या गोळ्यांच्या वाडग्यात.

तिसऱ्या मजल्यावरची राइली चादरी न्यायला आली
आणि ओलं बोचकं काखेत धरून उभीच राहिली.
एकतीस वर्षं गोदीत क्रेन चालवलेली बाई.
"वर असणं म्हणजे नुसता आकडा नाही," म्हणाली,
"आणि फूट कुणाचे? राणीचे?"
गेली.

पुढच्या गुरुवारी बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
आत पारदर्शक नळ्या, बोटाबोटावर खाचा पाडलेल्या,
सीडीची झाकणं कापून केलेल्या चकत्या:
खाचेत अडकवायची, वर राणी, हवी तितकी उंच.
आणि लोकरीचा दोरा, मापामापावर गाठी,
धनुर्धराच्या टोपीपासून राणीच्या पंखापर्यंत
तिरका ताणायचा, गाठी मोजायच्या.
वीवी वर्षभर जो बाण मारत होती
तो हिशेबाने कधी पोचतच नव्हता.
आम्ही हसलो. ती नाही हसली,
पुन्हा मोजत बसली.

डब्याच्या तळाशी काळ्या फेल्टचे तुकडे, नाण्याएवढे, गोल.
"हे काय?"
"सावल्या.
जे जे वर, त्याच्या बरोबर खाली एक.
खाली कोण आहे ते आधी बघायचं."

मग तीही बसू लागली, थर्मास घेऊन, कोपऱ्यात,
कधी फासे न टाकता.

जानेवारीत राणी मेली.
वीवीचाच बाण, नऊ गाठी, बरोबर.
एतूने तिला उचलायला हात घातला, तोच
राइलीचा पंजा त्याच्या मनगटावर:
"थांब."
सावलीवर एक कंदीलवाला पोरगा उभा होता,
बिनरंगाचा, कुणाचाच नसलेला,
कधीतरी गर्दी दाखवायला ठेवलेला.
"त्याला हलवा आधी."
एतू म्हणाला, नियमात नाही, आत्ता त्याची पाळी नाही.
"लोखंड पाळी विचारत नाही," राइली म्हणाली,
आवाज न चढवता.

मशीन फिरत होतं.
तूक्काने आपली चाल खर्च केली,
पोराला दोन चौकोन ढकललं.
तेव्हा कुठे ती उठली,
चकती धरली, एक खाच खाली,
थांबली,
एक खाच,
अशी अख्खी राणी उतरवली सावलीवर,
जरासुद्धा झोका न देता.

कुणाचं नाव तिने घेतलं नाही.
आम्हीही विचारलं नाही.

पुढच्या गुरुवारी त्या पोराला कुणीतरी रंगवलेलं होतं.
कंदील तसाच राखाडी, चेहरा अर्धवट,
पण डोक्यावर पिवळं शिरस्त्राण,
गोदीत असतं तसं.