पंप

तिकीट काढलंच नव्हतं. दाराशी थेओना,
म्हणाली, बिचिकोकाका, तुम्ही तर त्यांना ओळखायचात, या आत.
ओळखायचो म्हणजे काय,
माझी नेलेली वस्तू त्यानं परत केली नव्हती.

रेल्वे कामगारांच्या जुन्या सभागृहात
चार दिवस कवींचे सिनेमे.
काल आइसलँडची एक बाई पडद्यावर आली,
बर्फात उभी राहून सतरा मिनिटं काहीच बोलली नाही.
लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या,
हात गारठले होते.
हीटर एकच, आणि त्याला चिकटून तिबिलिसीचे परीक्षक.

आज एल्गुजा.
आमचा एल्गुजा, भिंतीएवढा.
नाकातले केससुद्धा दिसतात.
जिवंतपणी एवढा मोठा असता
तर उधारी मागताना जरा वाकावं लागलं असतं त्याला.

चष्मेवाले प्राध्यापक सांगतात,
त्याच्या कवितेतली हवा म्हणजे स्वातंत्र्य.
दुसरे म्हणतात, छे, आत्मा.
फ्रान्सच्या एक बाई डोळे मिटतात
आणि बराच वेळ उघडतच नाहीत.

अहो, ओनीच्या रस्त्यावर मागचं चाक बसलं होतं त्याचं!
सप्टेंबर, द्राक्षं उतरवायचे दिवस,
बारा किलोमीटर सायकल ढकलत आला दुकानात,
शर्ट पाठीला चिकटलेला,
आणि दारातूनच ओरडला, हवा हवी!
पंक्चर काढून दिलं. पैसे नंतर, म्हणाला.
मग म्हणाला, पंपही नेतो, वाटेत परत बसलं तर?
उद्या आणून देतो.

तो उद्या एकोणीस वर्षं चालला.
मग एल्गुजाच गेला.

आणि आता पडद्यावर तो खिडकीशी बसून वाचतोय काहीतरी,
खरखरीत आवाज, फितीवर ओरखडे,
आणि डाव्या खांद्यामागे
खिळ्याला टांगलेला
माझा पंप.
लाल. मुठीला मीच गुंडाळलेली काळी पट्टी.
चार सेकंद. मोजले नाहीत, पण चारच.
त्यानं काय वाचलं ते मला ऐकू आलं नाही.

दिवे लागले. प्रश्न विचारा, म्हणाले.
एका पोरानं मौनाबद्दल विचारलं,
उत्तर फार लांबलं.
मग माझा हात वर गेला, मला न विचारता.
माईक आला. माझाच आवाज
सगळ्या खुर्च्यांवरून फिरून माझ्याकडे परतला:
तो पंप आता कुठंय?

कुणीतरी हसलं.
पडद्यावरच्या फ्रेंच बाई खऱ्याही तिसऱ्या रांगेत होत्या,
दुभाषा त्यांच्या कानाशी लागला,
त्यांनी गंभीरपणे वहीत टिपून घेतलं.

पुढून त्सियाला उठली, त्याची बहीण.
मागं वळायला तिला हल्ली वेळ लागतो.
तिथंच आहे, म्हणाली.
सांगून गेलाय, बिचिकोचा आहे,
द्यायचाय, हलवू नका.

द्यायचाय. हलवू नका.
आता या दोन वाक्यांचं
मी काय करू?

बाहेर पायऱ्यांवर थेओना मागोमाग आली,
हातात कागदी कपात वाइन,
काका, मी उद्या आणून देते ना.

उद्या.

नको, म्हटलं, राहू दे.
फक्त आतलं चामडं वाळलं असेल.
दांडा वर ओढून
दोन थेंब तेल सोडा.
शिवणयंत्राचंही चालेल.