अडसर

आमच्या बेटावर कोणी गेलं
की प्रवाळाचा एक पट्टा शंभर दिवस बंद ठेवतात.
पाण्यात काठी रोवायची, तिला सालीच्या कापडाची चिंधी,
चिंधीपलीकडे जाळं नाही, गळ नाही, भाला नाही.
इलाइतियाच्या काठीला
तीनदा चिंधी बदलावी लागली.
वारंच तसं होतं त्या वर्षी.

तो लेबनॉनला गेला तेव्हा
ते कुठल्या अंगाला येतं, कोणालाच ठाऊक नव्हतं.
शाळेच्या नकाशात आमचं बेटच नाही,
मास्तरांनी निळ्यावर पेनानं एक टिंब दिलंय.
त्या टिंबावरून बोट सरकवत सरकवत
ते भिंतीच्या दुसऱ्या टोकाला पोचले
आणि म्हणाले, हं, इथं.
आई म्हणाली, एवढ्या लांब जेवायला काय घालतात?

दर वर्षी चर्चच्या पायरीवर
त्याची कारकीर्द वाचायचं काम माझ्याकडे.
फौजेनं पाठवलेला जाड कागद,
घडीवर फाटलेला, मागून चिकटपट्टी.
शिपाई इलाइतिया नाइसोरो. उंची सहा फूट एक इंच.
नेमबाजी: साधारण.
(खरं आहे. झाडाला उलटं लटकलेलं वटवाघूळही
त्याच्या दगडाला कधी घाबरलं नाही.)
पोहता येते काय: होय.
इथं सगळा गाव हसतो.
वीस वर्षं याच ओळीला हसतो,
आणि मी थांबतो, त्यांचं हसून होईपर्यंत.

मग: परदेशी खेपा, दोन. चौकी, डोंगराखालची.
वर्तणूक: चांगली.
शिस्तभंग: एक.
'रात्री गाडी न तपासता अडसर उचलला.
सात दिवसांचा पगार कापला.'

पहिल्या वर्षी आई म्हणाली होती, ही ओळ गाळ.
मेलेल्या माणसाची चूक चारचौघांत कशाला?
गाळली.
मग त्याची पेटी आली बोटीनं.
दोन सदरे, दाढीचं सामान,
आणि टाकायचं राहून गेलेलं एक पत्र.

'आई, ट्रॅक्टर होता. मागं ट्रॉलीत गादी,
गादीवर बाई, ओरडत होती.
म्हातारा पत्र्यावर हात आपटत होता नुसता.
त्याची भाषा मला येत नाही,
पण तोमासीच्या वेळी तू अशीच ओरडली होतीस
आणि मी दाराबाहेर चटईच्या काड्या मोडत बसलो होतो.
बॅटरी कुणाच्या तोंडावर मारायची, सांग.
दांडा उचलला.
या महिन्यात पैसे कमी येतील,
इंजिनाचा हप्ता वाइसाके काकांना थोडा थांबवायला सांग.'

तोमासी म्हणजे मी.

त्याच अडसरापाशी, अकरा आठवड्यांनी, एक तोफगोळा.
ज्यांनी टाकला त्यांना तो कोण, माहीत नव्हतं.
ते कोण, हे आम्हांला अजून माहीत नाही.

पंधरा हॉर्सपॉवरचं ते इंजिन त्याच्याच पगाराचं.
त्यानंच त्याला मोठ्या बेटावरून घरी आणलं.
अर्ध्या वाटेत बंद पडलं.
काकांनी दोरी ओढून पाहिली, पुन्हा ओढली,
मग आम्ही वल्ही घेतली.
कोणी काही बोललं नाही.
पेटीवर केवड्याची चटई होती, तिच्यावर झेंडा,
झेंड्यावर पाणी उडत होतं
आणि ते पुसायला आई वाकत होती, पुन्हा पुन्हा.

शंभराव्या दिवशी काठी आईनंच उपटली.
मासे इतके माजले होते, इतके बिनधास्त,
की आमच्या पोटऱ्यांना घासून जात,
हातानं धरावेत असे.
त्या दिवशी कोणी धरले नाहीत.

आता आईला दिसत नाही.
पायरीशी खुर्ची टाकून बसते,
पदक तिच्या मुठीत, फीत खाऱ्या हवेनं पांढरी पडलेली.
त्या ओळीशी येऊन माझा आवाज घाईत गेला
तर काठी आपटते:
सावकाश वाच. परत वाच.

मी परत वाचतो.
रात्री गाडी न तपासता अडसर उचलला.

पुढं तिचा एकच प्रश्न असतो, दर वर्षीचा.
मुलगा झाला, की मुलगी?
कागदात ते नाही.
पत्रातही नाही.