थकबाकी_व्याज

परसोडीच्या आयटी पार्कात, कूलरच्या ओल्या वाऱ्यात
माझं फ्रेमवर्क सगळ्यांना ओळखतं:
टेबलाचा क्लास, ओळीचा ऑब्जेक्ट.
थकबाकी_व्याज म्हटलं की
म्हणतं, असं फंक्शनच नाही.

आहे ना बाप्पा. डेटाबेसच्या पोटात,
डोंगरवार मॅडमनी पाणीपट्टीसाठी लिहिलेलं,
एकवीस वर्षं मुकाट व्याज काढून राहिलंय.

शेवटी मॅडमनाच फोन लावला.
मागं कुकरची शिट्टी.
"आधी तारीख दे, मग रक्कम.
उलटं दिलं तर गप्प बसते ते.
अन् नाव पूर्ण घे, स्कीमासकट."

क्वेरी हातानं लिहिली. नाव पूर्ण घेतलं.
सदतीस रुपये चाळीस पैसे, लगेच.

वर कमेंटमध्ये नुसतं: नि. डों.
नि म्हणजे काय,
विचारायचं राहिलं.