अबोलीचा अभ्यास

मडगावात, जुन्या मार्केटमागच्या बोळात
माझं चौकटींचं दुकान.
परवा लोटलीहून एक भाचा आला,
गुंडाळलेला कागद काउंटरवर ठेवून म्हणाला,
आमच्या तिया एर्मेलिंडाचा.
स्वस्तातली काच चालेल.

उलगडला. कडा वाळवीने चाखलेल्या.
मधोमध अबोलीची एक फाती, जलरंगात.
फुलं मोजली, सवय आहे. एकवीस.
बाविसावं नुसतं पेन्सिलीचं,
आणि त्याच्यापुढे दोरा, जो कुठेच जात नाही.
उजव्या कोपऱ्यात ब्रश पुसल्याच्या खुणा:
नारिंगी, जास्त नारिंगी, गेरू,
एक गुलाबी छटा, जिला तिने
लगेच पाणी लावून माघारी बोलावलं.

ड्रॉइंगचे कुंकळ्येकर मास्तर चहाला आले होते.
म्हणाले, अपूर्ण आहे. उजेड डावीकडून,
हात चांगला, धीर कमी.
मी मान हलवली. ते रोजच बरोबर असतात.

मग सोमावती वेळीप आली,
देवाच्या तसबिरीची फुटकी काच बदलायला.
कमरेवर रिकामी पाटी, केळीच्या पानाचे तुकडे चिकटलेले.
चाळीस वर्षं ती हेच विकते, हाताने मापून.
कागद लांब धरून तिने पाहिला.
"ही फाती माळिल्ली."
म्हणजे?
पाटीतली सरळ असते, पोरा. ही बघ,
अंबाड्याच्या वळणाने वाकलीय.
ही दोन फुलं चेपलीत, इथं पिन होती.
रात्री काढली असणार, सकाळी रंगवली.

कुणाच्या केसांतली?
ती हसली, दर सांगताना हसते तशी.

भाचा जाता जाता बोलला होता,
तियाचे केस जन्मभर कानापर्यंतच,
फूल कधी माळलं नाही.

सुरंगीचं चित्र असतं
तर वास कागदावर आला नाही म्हणून हळहळलो असतो.
अबोलीला वासच नाही.
तिच्याजवळ होतं नव्हतं ते सगळं इथं उतरलंय,
सांगायचं नव्हतं तेही.

माउंट कापायला घेतला.
रीत अशी, की डाग, खुणा, अर्धवट
पुठ्ठ्याखाली जातं.
पट्टी ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली.
शेवटी खिडकी दोन बोटं मोठी कापली,
ती माघारी बोलावलेली गुलाबी आत मावेल इतकी.

काच चांगली घातली.
भाच्याने विचारलं तर सांगेन,
स्वस्तातली संपली होती.